संयुग्मनाची अपुरी आकृती

जीवाणूंमधील जनुकीय देवघेव शिकवताना पुस्तकांत एक आकृती हमखास भेटते. दोन लांबट पेशी, मध्ये बारीक नळी, एका पेशीत एफ-प्लास्मिडचे कडे. कड्याचा एक धागा शेजारणीकडे जातो आणि अखेरीस दोन्ही पेशींत पूर्ण कडे दिसते. ही आकृती ‘पुनर्संयोजन’ या मथळ्याखाली दिली जाते, तेथे आमचा आक्षेप आहे. ग्राहक पेशीला एक जादा कडे मिळाले, एवढेच. तिच्या गुणसूत्रातील एकही जनुक बदललेला नाही.

लेडरबर्ग आणि टॅटम यांनी १९४६ मध्ये दाखवले ते निराळे होते. ई. कोलायच्या एका वाणाला बायोटिन व मेथिओनिन बाहेरून लागे, तर दुसऱ्याला थ्रिओनिन व ल्युसिन. दोन्ही एकत्र वाढवून यांपैकी काहीच नसलेल्या माध्यमावर पसरले, तेव्हा सुमारे एक कोटी पेशींमागे एखादी वसाहत उगवली. इतकी कमी का? याचे उत्तर वरील आकृतीत सापडणार नाही. गुणसूत्रातील जनुक पाठवायचे तर आधी एफ-प्लास्मिड त्या गुणसूत्रात सामावलेले असावे लागते, आणि अशा पेशी थोड्या. संपूर्ण गुणसूत्र पलीकडे जायला सुमारे १०० मिनिटे लागतात. जोडी बहुधा त्याआधीच तुटते. शिवाय आत आलेला तुकडा स्वतंत्रपणे द्विगुणित होत नाही. ग्राहकाच्या गुणसूत्राशी अदलाबदल करून तो त्यात बसला, तरच टिकतो. पुनर्संयोजन म्हणतात ते याला.

या दोन क्रिया वेगळ्या असल्याचा पुरावाही जुनाच आहे. क्लार्क आणि मार्ग्युलिस यांनी १९६५ मध्ये असे उत्परिवर्ती जीवाणू वेगळे केले, की ज्यांच्यात डीएनए शिरतो, पण पुनर्संयोजित वसाहती जवळजवळ मिळत नाहीत. अशा पेशींत एफ-प्लास्मिड मात्र सुखाने नांदते!

(‘नर’ आणि ‘मादी’ पेशी हे शब्दही आता सोडावेत. दोन पेशी होत्या, दोनच राहिल्या. हे प्रजनन कसले?)

हा काथ्याकूट नव्हे. आमांशाच्या शिगेला जीवाणूंतून अनेक औषधांना दाद न देण्याचा गुण ई. कोलायमध्ये जातो आणि उलटही, हे जपानमध्ये १९५९ साली आढळले. तो गुण प्लास्मिडवरून जातो. त्याला ग्राहकाच्या गुणसूत्राशी साधर्म्य असण्याची गरज नाही, त्यात बसण्याचीही नाही. ‘कोटीत एक’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी औषधांना पुरून उरणाऱ्या जीवाणूंचा प्रसारही तितकाच विरळा समजेल. तेव्हा शिक्षकांनी फळ्यावर पहिल्या आकृतीशेजारी दुसरी काढावी: नळीतून आलेला गुणसूत्राचा तुकडा, त्यासमोर ग्राहकाचे गुणसूत्र, आणि दोहोंमधली अदलाबदल. ‘पुनर्संयोजन’ हा शब्द त्या दुसऱ्या आकृतीखाली लिहावा.