युतीचा कागद वाचून दाखवा

इलेक्शन आलं की आमच्या वस्तीची भिंत रंगवायचं काम माझ्याकडं येतं. अक्षर बरं आहे म्हणून. मागल्या खेपेला ज्या पक्षाविरुद्ध मी त्या भिंतीवर घोषणा लिहिल्या, त्याच पक्षाचं चिन्ह या खेपेला निळ्या झेंड्याशेजारी काढायला सांगितलं. मी विचारलं, "आपल्याला काय मिळालं?" कार्यकर्ता म्हणाला, "दोन जागा." मी म्हटलं, "जागा नव्हं, मागणी कुठली मान्य झाली?" तो हसला. म्हणाला, "तू भिंत रंगव, कविराज."

भिंत रंगवली. त्या हसण्यावर हा लेख आहे.

पांढरपेशे विद्वान सांगतात, राजकारण म्हणजेच तडजोड. आपल्यातले कडवे म्हणतात, तडजोड म्हणजे गद्दारी. दोघंही अर्धंच बोलतात. मी सूतगिरणीत रिंग खात्यात रातपाळी करतो. संपात चार झेंड्यांची माणसं एका गेटवर उभी राहतात, हे मला पुस्तकातून शिकायला नको. तडजोड करायची की नाही हा सवालच नाही. काय देऊन काय घेतलं, हा सवाल आहे.

१९२८ चा मुंबईचा गिरणीसंप घ्या. विणायच्या खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला मज्जाव. का, तर धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, नि आमच्या तोंडाचा विटाळ! हे गिरणीमालकांचंच पाप नव्हतं, शेजारी उभा राहणारा कामगारच विटाळ पाळत होता. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं: सगळ्या खात्यांत आमच्या माणसाला काम, ही मागणी घ्या, नाहीतर आमची माणसं संपात धरू नका. कुरकुरत का होईना, मागणी घेतली गेली. पुढं ७ नोव्हेंबर १९३८ ला मजुरांच्या संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या बिलाविरुद्ध बाबासाहेबांनी कम्युनिस्टांच्या बरोबरीनं एक दिवसाचा संप केला. म्हणून काही स्वतंत्र मजूर पक्ष त्यांच्यात विरघळला नाही.

आपल्याकडं कवितासंग्रहावर पानंच्या पानं लिहितात, जाहीरनाम्यावर समीक्षा कुणी करत नाही. करायला पाहिजे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा १९५१ चा जाहीरनामा काढून वाचा. कुणाबरोबर जायचं नाही ते नावं घेऊन लिहिलंय: काँग्रेस नाही, हिंदुमहासभा नि संघासारखे प्रतिगामी नाहीत, कम्युनिस्ट नाहीत. ज्यांच्याबरोबर जायचं त्यांची तत्त्वं स्पष्ट हवीत, ती आपल्या तत्त्वांच्या आड येता कामा नयेत, आपल्या घरात त्यांनी ढवळाढवळ करायची नाही. हे सगळं मतदानाच्या आधी, छापून. मग समाजवाद्यांशी युती झाली. १९५२ ला बाबासाहेब उत्तर मुंबईत पडले, देशभरात लोकसभेच्या दोनच जागा आल्या. पण पडताना मतदाराला ठाऊक होतं की आपण कशासाठी पडलो.

इथं कुणी मला अडवील. म्हणेल, कम्युनिस्ट नको म्हणणारं फेडरेशन १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्टांच्याच मांडीला मांडी लावून बसलं, त्याचं काय? खरंय, यादी बदलली. पण समितीची मागणी एक होती नि ती शेंबड्या पोरालाही पाठ होती. दादासाहेब गायकवाड त्या लाटेत नाशकातून लोकसभेवर गेले. १ मे १९६० ला मागणी पदरात पडली. यादी बदलता येते. कशासाठी बदलली, ते लोकांना सांगता आलं पाहिजे.

दहा वर्षांनी काय झालं? डिसेंबर १९६४ ला त्याच दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. हजारो माणसं जेलात गेली, बायाबापड्या पोरं कडेवर घेऊन गेल्या. आणि १९६७ ला रिपब्लिकन पक्षाच्या त्यांच्या गटानं महाराष्ट्रात काँग्रेसशी समझोता केला. दादासाहेबांच्या त्यागाबद्दल मी ब्र काढणार नाही. काळारामाच्या दारात लाठ्या खाल्लेला तो माणूस. पण गावात जमीन ज्याच्या ताब्यात, सोसायटी ज्याच्या ताब्यात, तोच आता दोस्त! मग जमीन मागायची कुणाकडं? सत्याग्रहातली मागणी समझोत्यात मुकी झाली. त्या मुकेपणाच्या चिडीतून १९७२ ला पँथर जन्मली.

उलटी बाजूही मांडतो, नाहीतर बेइमानी होईल. जून १९९५ ला मायावती भाजपच्या टेकूवर उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. मलाही ते गिळवत नाही. पण सप्टेंबरात लखनौला त्यांनी पेरियार मेळा भरवला. टेकू देणारे संतापले, त्यांनी पाठिंबा काढला, ऑक्टोबरात सरकार पडलं. दोस्ती वाईट होती, पण त्या चार-साडेचार महिन्यांत तोंड शिवलं नव्हतं.

एवढंच माप मी धरतो. युतीच्या आदल्या दिवशी जे बोलत होता, ते दुसऱ्या दिवशी त्याच चौकात, त्याच आवाजात बोलता येतंय का? येत असेल तर ती तडजोड. येत नसेल तर ते तोंडच विकलं. धागा ओढायला ज्या तोंडाचा विटाळ होत होता, त्याच तोंडाला आता भाव आलाय. गप्प बसायचा.

तेव्हा पुढाऱ्यांनो, युत्या करा. पण कागद छापा. बुद्धविहारासमोर, बायामाणसांच्या पुढ्यात, मतदानाआधी मोठ्यानं वाचून दाखवा. जमीन किती, घरं किती, गिरणीत कायम किती. मग सांगा कुठलं चिन्ह काढायचं ते. चुना नि ब्रश घेऊन मी तयार आहे.