श्रवण आणि वाचन : आजच्या मराठी वाचकाच्या अभिरुचीचा विचार

'सध्या काय वाचता?' या प्रश्नाला अलीकडे 'सध्या काय ऐकता?' हा दुसरा प्रश्न जोडला गेला आहे. स्टोरीटेल ही मूळची स्वीडिश कंपनी २०१७ मध्ये भारतात आली आणि तिने आरंभापासूनच मराठी ध्वनिपुस्तके उपलब्ध करून दिली. प्रवासात, स्वयंपाक करताना, दृष्टी अधू झाल्यावर पुस्तक ऐकणारा वाचक आता अपवाद राहिलेला नाही. ऐकणे हे वाचनाचे सोपे आणि म्हणून हलके रूप आहे, असा एक आक्षेप यावर घेतला जातो. मराठी वाङ्मयाच्या, त्यातही गोदाकाठच्या परंपरेचा विचार करता हा आक्षेप टिकत नाही. मात्र त्यामुळे श्रवणाविषयीचे सर्वच प्रश्न सुटतात असेही नाही.

'ज्ञानेश्वरी' (शके १२१२, इ. स. १२९०) ही समोर बसलेल्या श्रोत्यांना उद्देशून सांगितलेली आहे. त्यांच्याकडे अवधान मागणे, त्यांची मनधरणी करणे, त्यांच्या शंकेचा अंदाज घेणे हा त्या ग्रंथाच्या रचनेचाच भाग आहे. छत्रपती संभाजीनगरपासून (पूर्वीचे औरंगाबाद) सुमारे ५० कि. मी. अंतरावरील पैठण येथे संत एकनाथांची भारुडे झाली, तीही मुख्यतः कानांसाठी आणि डोळ्यांसमोरच्या सोंगासाठी. तथापि याच एकनाथांनी इ. स. १५८४ मध्ये 'ज्ञानेश्वरी'ची शुद्ध प्रत सिद्ध केली, ही घटना आजच्या संदर्भात अधिक महत्त्वाची ठरते. पठणातून आणि नकलांतून पाठभेद शिरत गेले होते. ते दूर करण्यासाठी पोथी समोर ठेवून अक्षरन् अक्षर तपासणारा वाचक लागला. म्हणजे श्रवणाची ही समृद्ध परंपरा एका चिकित्सक वाचकाच्या श्रमांवर उभी आहे. श्रवण आणि वाचन यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी मानणारी मांडणी येथेच लटकी पडते.

विसाव्या शतकातही हे साहचर्य खंडित झालेले दिसत नाही. 'गीतरामायण' १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले, ग. दि. माडगूळकरांची ती ५६ गीते महाराष्ट्राने आधी ऐकली, पुस्तकरूपाने नंतर वाचली. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने ग्रामीण कथा मध्यमवर्गीय श्रोत्यांपर्यंत नेली. वामनदादा कर्डकांच्या गीतांनी आंबेडकरी विचार जिथे पुस्तक पोचत नव्हते तिथे पोचविला. तर याच शहरात मिलिंद महाविद्यालयाच्या (स्थापना १९५०) परिसरात वाढलेल्या वाङ्मयीन जाणिवेला गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने छापील व्यासपीठ दिले. पु. ल. देशपांडे यांचे उदाहरण थोडे वेगळे आहे. ज्याने त्यांच्या ध्वनिफिती ऐकल्या आहेत, त्याला 'व्यक्ती आणि वल्ली' स्वतःच्या आवाजात वाचता येत नाही. हा लाभ की हानी, हे ज्याचे त्याने ठरवावे!

आजच्या ध्वनिपुस्तकाचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. कथाकथनात लेखक स्वतःचाच मजकूर सांगत असे. ध्वनिपुस्तकात बहुधा त्रयस्थ निवेदक असतो आणि त्याचा स्वर हा संहितेचा एक अन्वयार्थ असतो. उपरोध कोठे आहे, विराम किती घ्यायचा, हे निर्णय वाचकाच्या वतीने तो घेऊन टाकतो. काही कृतींना हे मानवते. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) ही कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण यांच्या आत्मनिवेदनांतून उलगडते; बोलणाऱ्या पात्रांची ही कादंबरी आवाजात सहज उतरू शकते. याउलट अनुराधा पाटील यांचा साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त (२०१९) संग्रह 'कदाचित अजूनही' घ्यावा. तेथील संयत स्वराला निवेदकाने किंचित जरी कारुण्य चढविले तरी कविता बिघडेल. सुधीर रसाळ यांच्या 'विंदांचे गद्यरूप' (साहित्य अकादमी, २०२४) या समीक्षाग्रंथाचे वाचन तर मागे वळून, परिच्छेद पुन्हा पाहून, समासात टिपण करीत करावे लागते. ज्या विंदा करंदीकरांची कविता बापट-पाडगावकरांच्या समवेत काव्यवाचनांतून गावोगाव ऐकली गेली, त्यांच्याच गद्याची मीमांसा मात्र कानांनी पुरती पकडता येत नाही, हे लक्षणीय आहे. दोन्ही पुरस्कारप्राप्त लेखक या शहरातले आहेत. त्यांचे ग्रंथ केवळ 'ऐकण्याजोगे नाहीत' म्हणून येथील वाचकाच्या नजरेआड झाले, तर तो दोष माध्यमाचा न राहता निवडीचा ठरेल.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. मराठवाडी बोली छापली की अर्धी हरवते. 'काय करायलास?' हे शब्द कागदावर उमटतात. त्यातील हेल, शेवटचा ताणलेला स्वर आणि त्यातून व्यक्त होणारी सलगी किंवा तिरकसपणा उमटत नाही. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' (साहित्य अकादमी, २०१६) सारख्या कथासंग्रहातील परभणीकडचे जग मूकवाचनात प्रमाण मराठीच्या लयीत वाचले जाण्याचा धोका असतो. खुद्द मराठवाड्यातील विद्यार्थीही तसेच वाचतो, कारण शाळेने त्याला मोठ्याने वाचायचे ते प्रमाण उच्चारांतच असे शिकविलेले असते. अशा संहितांना श्रवणाचा मोठा आधार मिळू शकतो. परंतु निवेदकच त्या बोलीशी अपरिचित असेल तर छापील पानाने निदान शब्द तरी राखले होते, असे म्हणण्याची पाळी येईल.

महाविद्यालयीन मराठी विभागांनी श्रवणाला अवांतर मानून बाजूस ठेवणे म्हणूनच परवडणारे नाही. भारूड, जलसा, कथाकथन अभ्यासक्रमात असतात, पण ते वर्गात छापील उतारा म्हणून शिकविले जातात. एखादी कथा आधी तिच्या प्रदेशातील आवाजात ऐकवून मग संहिता हाती देणे, निवेदकाने कोठे शब्द गाळला वा भलत्याच ठिकाणी जोर दिला हे विद्यार्थ्यांकडून तपासून घेणे, यासाठी विशेष साधनांची गरज नाही; एक भ्रमणध्वनी आणि पुस्तकाच्या काही प्रती पुरेशा आहेत. दृष्टिबाधित विद्यार्थी बसतो त्या वर्गात तर हे काम त्याच्या कानांच्या साहाय्याने अधिक काटेकोर होईल, कारण वाचणाऱ्याची लबाडी त्याला इतरांच्या आधी ऐकू येते.