एका छातीतील दोन व्याधी : दोन निबंधांचे परीक्षण

फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगावरील आधुनिक लेखनात जेनिफर टेमेल व त्यांचे सहकारी यांच्या २०१० सालच्या निबंधास मानाचे स्थान आहे. बोस्टन येथील १५१ रुग्णांवरील या अभ्यासात, आरंभापासून परिहारक शुश्रूषा लाभलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ११.६ महिने, तर केवळ रूढ उपचार मिळालेल्यांचे ८.९ महिने आढळले. रुग्णास आराम देणे म्हणजे रोगापुढे शरण जाणे नव्हे, हे त्यातून निःसंदिग्धपणे पुढे आले.

तथापि या निबंधाची एक मर्यादा आहे. त्यातील जीवनमानाच्या प्रश्नावलीत धाप किती लागते, हे विचारले जाते. ती कोणत्या व्याधीची, हे विचारले जात नाही. वस्तुतः कर्करोग्याची धाप अर्बुदाने दबलेल्या श्वासनलिकेची, फुप्फुसावरणात साठलेल्या पाण्याची, पांडुरोगाची किंवा कर्करोगापूर्वीच जडलेल्या जीर्ण श्वसनावरोधाची असू शकते. या शेवटच्या कारणावर साधे उपाय उपलब्ध असतात. परंतु कर्करोगाचे नाव उच्चारले गेले की जुन्या व्याधीचे नाव मागे पडते.

त्या जुन्या व्याधीचा शोध घेण्यास संदीप साळवी व पीटर बार्न्स यांचा ‘लॅन्सेट’मधील २००९ सालचा निबंध उपयोगी पडतो. श्वसनावरोधाच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीही धूम्रपान केलेले नसते, आणि जगात सुमारे ३०० कोटी लोक जैव इंधनाच्या धुरात वावरतात, असे ते नोंदवितात. धुळे जिल्ह्याच्या वाचकास या आकड्यांमागील चित्र अपरिचित नाही. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेल्या स्त्रीस ‘विडी ओढता काय?’ एवढेच विचारले, तर तिचा जुना विकार नोंदीतून निसटतो. मात्र या निबंधाचा रोख कारणमीमांसेवर असल्याने त्या स्त्रीस पुढे कर्करोग झाला तर काय करावे, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

दोन्ही निबंध जेथे थांबतात, तेथेच धुळ्यातील चिकित्सकाचे काम सुरू होते. लोकभाषेत ‘दम लागतो’ या एका शब्दप्रयोगात सर्व कारणे सामावतात. ती वेगळी करणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय. श्वासनलिका रुंदावणारे औषध काही मिनिटांत गुण देऊ शकते. पण कॅप्सूलमधील भुकटी जोराने ओढण्याचे बळ क्षीण रुग्णात नसते. त्यास फवाऱ्याचा पंप स्पेसरसह देणे, किंवा नेब्युलायझर वापरणे, अधिक सयुक्तिक ठरते. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात जाऊन आलेल्या रुग्णाचा जुना पंप चालू आहे की सुटला, ही चौकशीही क्षुल्लक नव्हे.

अशा धापेवर मॉर्फिन पुरेसे आहे, असा आक्षेप संभवतो. अंतकाळच्या असह्य धापेत त्याचे स्थान आहेच. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत अल्प मात्रेतील मॉर्फिनाने श्वसनावरोधाच्या रुग्णांची तीव्रतम धाप कमी झाल्याचे दिसले नाही. सारांश, मॉर्फिन हा निदानाचा पर्याय नव्हे. टेमेल यांच्या निबंधाने आरामास उपचाराची प्रतिष्ठा दिली. त्या आरामास निदानाची शिस्त लावणे हे कार्य अद्याप शिल्लक आहे. कर्करोग असाध्य असला, तरी त्या छातीतील प्रत्येक व्याधी असाध्य ठरत नाही.