‘पोटदुखीला कंटाळून’

‘पोटदुखीच्या त्रासाला कंटाळून विवाहितेची आत्महत्या.’ मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. आतल्या पानावर, तालुक्याच्या बातम्यांत, तीन-चार ओळींचा मजकूर असतो. गाव, वय, वेळ, मग हे कारण, आणि शेवटी ‘अकस्मात मृत्यू म्हणून नोंद’. विवाहितेच्या जागी कधी वृद्ध असतो, कधी तरुण, कधी शेतमजूर. वाक्य बदलत नाही.

एका जिल्हा दैनिकात मी बरीच वर्षं मुद्रितशोधक होते. हे वाक्य माझ्या हाताखालून किती वेळा गेलं याचा हिशेब नाही. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक क्वचितच असायची, त्यामुळे नजर त्यावरून घसरून पुढे जायची. ती अडायला लागली 2001 नंतर, माझं स्वतःचं पोट दुखायला लागल्यावर. तेव्हापासून ही कात्रणं मी ठेवत आले. चपलांचा एक खोका भरला, दुसरा निम्मा झाला. त्यावरून आकडेवारी काढण्याचा माझा इरादा नाही. एका पेपरातली, एका बाईच्या हाताला लागली तेवढी कात्रणं म्हणजे नमुना नव्हे. पण वाक्य म्हणून, मराठी गद्याचा एक तुकडा म्हणून त्यांचं वाचन करता येतं, आणि ते कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आधी क्रियापद घेऊ. कंटाळा येतो तो रोजच्या भाजीचा, लांबलेल्या भाषणाचा, आठ दिवस न उघडणाऱ्या पावसाचा. कंटाळणाऱ्याकडे थोडा दोष असतोच, दुसऱ्या कुणी आणखी धीर धरला असता. ‘कंटाळून’ या एका धातुसाधितानं कर्तेपण सगळं मरणाऱ्या माणसाकडे जातं. डॉक्टर, दवाखाना, घरचे, खर्च, सांगलीला किंवा मिरजेला नेणारं कुणी होतं की नव्हतं, यातलं काहीच वाक्यात येत नाही. ‘निदान न झाल्यानं’ असं मी कुठेही वाचलेलं नाही. आणि नाम? ‘पोटदुखी’. मराठीत या शब्दावर कुणी गंभीरपणे विश्वास ठेवत नाही. शाळा बुडवायची असली की पोट दुखतं, शेजाऱ्यानं गाडी घेतली की पोटात दुखतं. पुष्कळदा त्याच अंकाच्या पहिल्या पानावर ‘विरोधकांची पोटदुखी’ छापलेली असते. तोच शब्द आतल्या पानावर माणसाच्या मरणाचं कारण म्हणून वापरायचा, तर वाचणाऱ्याच्या मनात तो किती वजनाचा उरणार?

माझं दुखणं थोडक्यात सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं वाचन कुठून आलं ते कळणार नाही. बेंबीच्या उजवीकडे, चार बोटांवर, रुपयाएवढ्या जागेत कळ यायची. वाकून बादली उचलली, कुशीवर वळलं, जोरात हसलं की यायची. जेवणाशी तिचा संबंध नव्हता. पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न जेवणाचाच विचारला गेला आणि तिथून पुढचा रस्ता ठरून गेला. पित्ताच्या गोळ्या, जंताच्या गोळ्या, तीन सोनोग्राफ्या, एक दुर्बीण. घरात ओवा, हिंग, काळं मीठ. बेंबी सरकली म्हणून पोटावर दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालणं झालं. एका खासगी दवाखान्यात अपेंडिक्स काढलं, ते निर्दोष निघालं. रिपोर्ट नॉर्मल येत गेले. नॉर्मल हा शब्द ऐकून घरच्यांचे चेहरे उजळायचे आणि माझा पडायचा, याची मला लाज वाटे. सोळा वर्षं हे चाललं.

वाचनाकडे मी त्या काळात वळले. माझं शिक्षण बारावी. मी डॉक्टर नाही आणि संस्कृतची पदवीही नाही. प्रेसमधल्या कामानं एक सवय मात्र लागली होती, मजकुरात काय गाळलं गेलंय ते पाहण्याची.

मराठीत पोटदुखीची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट कोणती म्हणाल, तर गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायातली. आमच्याकडे वडील सप्ताह करत. बायकांनी ही पोथी वाचू नये असा दंडक, म्हणून आई आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ऐकायचो. गोदावरीकाठी वासरब्रह्मेश्वराला, म्हणजे आजच्या तेलंगणातल्या बासरला, नृसिंहसरस्वती येतात. एक ब्राह्मण जीव द्यायला नदीत उतरतो आहे. अन्न पोटात गेलं की त्याला असह्य शूळ उठतो, म्हणून तो पंधरवड्यानं, महिन्यानं जेवतो. श्रीगुरू शिष्यांकरवी त्याला परत आणवतात. तेवढ्यात सायंदेव नावाचा गृहस्थ दर्शनाला येतो. त्याच्या घरी भिक्षा ठरते आणि या रोग्यालाही जेवू घाल, असं श्रीगुरू सांगतात. सायंदेव घाबरतो. अन्न हाच याचा वैरी, ते घातलं तर हा मरेल आणि हत्या आपल्या माथी येईल. तरी गुरुवचन म्हणून तो वाढतो, पक्वान्नं वाढतो. ब्राह्मण जेवतो आणि बरा होतो.

लहानपणी मला यात चमत्कार दिसला. चाळिशीत पुन्हा वाचली तेव्हा भलत्याच दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी, की नदीत उतरणाऱ्या त्या माणसाला ‘का?’ असं विचारलं जातं आणि त्याला उत्तर द्यायला जागा मिळते. मागल्या जन्मी अन्नदान केलं नसेल, कुणाचा घास हिरावला असेल, अशी तो स्वतःलाच बोल लावणारी यादी देतो. ती यादी मला परकी वाटली नाही. कारण सापडत नाही तेव्हा माणूस स्वतःच्या वागण्यात ते शोधतो, फक्त हल्ली मागल्या जन्माऐवजी तिखट, जागरण आणि ‘विचार फार करतेस’ ही नावं येतात. तरीही त्याचं म्हणणं पोथीत आहे. माझ्या खोक्यातल्या एकाही कात्रणात मरणाऱ्याचं म्हणणं नाही.

दुसरी गोष्ट, त्या ब्राह्मणाला नाव नाही. सायंदेवाचं नाव आहे, गाव कडगंची आहे, कौंडिण्य गोत्र आहे, चाकरी कुणाची करतो तेही आहे. पुढचा चौदावा अध्याय तर त्याचाच आहे. याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही, ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर सायंदेवाच्याच वंशातले. घरच्या पूर्वजाची गुरूशी पहिली भेट सांगण्यासाठी त्या अध्यायाला पोटशूळाचा रोगी हवा होता. भेट झाली, रोगी बरा झाला आणि ग्रंथातून निघून गेला. हा दोष मी भक्तीला लावत नाही, मी आजही ती गोष्ट वाचते. पण दुखणेकऱ्याचं दुखणं दुसऱ्या कुणाच्या गोष्टीसाठी वापरायचं आणि त्याला निनावी ठेवायचं, हा रिवाज किती जुना आहे ते इथे दिसतं. कात्रणांतली ‘विवाहिता’ त्याच रांगेत बसते.

साईसच्चरितात याच्या उलट आहे. दाभोळकरांनी तेराव्याच अध्यायात हरद्याच्या दत्तोपंतांना नावागावासह आणलं आहे. त्यांचं पोट चौदा वर्षं दुखत होतं. पण चौदा वर्षं म्हणजे काय, ते दुखणं कसं होतं, कधी यायचं, याला तिथे जागा नाही. आकडा सांगितला की काम झालं. मोठा आकडा कृपा मोठी दाखवतो.

त्या निनावी ब्राह्मणाला काय झालं असेल याचं निदान करायचा मोह मलाही झाला. जेवणानं उठणारा शूळ म्हणजे पित्ताशयातले खडे? स्वादुपिंड? आतड्याच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी माणूस जेवायला भितो. एक वही यात भरली, मग लक्षात आलं की मी त्याच्याशी माझ्या डॉक्टरांसारखीच वागते आहे, आणि वही बंद केली.

त्या वहीमुळे एक फायदा झाला, मी माधवनिदानापर्यंत पोचले. मराठी टीकेसह वाचलं. शूळाच्या प्रकरणात दोषांनुसार आठ प्रकार आहेतच. पण त्यांच्या पुढे परिणामशूल आणि अन्नद्रवशूल असे दोन वेगळे काढले आहेत, ते काळावरून. अन्न पचत असताना दुखतं तो परिणामशूल. पचलेलं असो, पचत असो वा नसो, कशाचाच नेम नाही, तो अन्नद्रव. हजार वर्षांहून जुन्या या ग्रंथात उपचाराआधी ‘केव्हा?’ हा प्रश्न आहे. माझ्या जाड फायलीत तो प्रश्न विचारल्याची खूण नाही. (मराठीनं ‘निदान’ या शब्दाला ‘कमीत कमी’ असाही अर्थ दिला आहे. निदान एवढं तरी विचारायचं होतं.)

आधुनिक वैद्यकातही हा प्रश्न आहे, आमच्यापर्यंत तो पोचत नाही एवढंच. तपासणीत काही न सापडणाऱ्या पोटदुखीला पूर्वी ‘फंक्शनल’ म्हणत. आरोग्यविषयक मराठी सदरांत त्याचं भाषांतर ‘मानसिक’ किंवा ‘ताणामुळे होणारी’ असं सर्रास केलं जातं. हे भाषांतर चूक आहे. फंक्शनल म्हणजे रचना ठीक आहे, चालणं बिघडलं आहे. 2016 साली आलेल्या ‘रोम चार’ या आंतरराष्ट्रीय निकषांनी तर ते नाव मागे सारून ‘आतडं आणि मेंदू यांच्या परस्परव्यवहारातला बिघाड’ असं नाव पुढे आणलं. नाव लांबलचक आहे, पण रोग्याला खोटं पाडत नाही.

माझं दुखणं मात्र त्याही खात्यातलं निघालं नाही. 2017 साली एका तालुक्याच्या गावी, दुसऱ्याच कुणाला दाखवायला गेले असताना, तिथल्या सर्जननी सहज विचारलं, नेमकं कुठे दुखतं ते एका बोटानं दाखवा. मी दाखवलं. त्यांनी मला आडवं केलं, त्या जागी बोट दाबून धरलं आणि म्हणाले, हात छातीवर घ्या, मान आणि खांदे उचला. मी ओरडले. पोटाचे स्नायू ताठ झाले की आतल्या अवयवांना आडोसा मिळतो. दुखणं आतलं असेल तर ते कमी व्हावं. वाढलं तर ते पोटाच्या भिंतीत आहे. पोटाच्या उभ्या स्नायूतून बाहेर येताना एक बारीक मज्जातंतू अडकतो, तिथे ही कळ येते. फिलाडेल्फियाचे सर्जन कार्नेट यांनी ही खूण 1926 साली मांडली. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, मिनिट लागत नाही. सर्जननी त्या जागी भुलीचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात, सोळा वर्षांनी पहिल्यांदा, मी दुखल्याशिवाय वाकले. नंतर आणखी इंजेक्शनं झाली. कळ अजून अधूनमधून येते, पण आता ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे.

प्रत्येक पोटदुखी अशी सुटते असं मी म्हणत नाही. आईचंही पोट दुखायचं, डावीकडे, खाली. पोथीतला तो अध्याय आला की पदराखाली तिचा हात पोटावर जायचा. पाळीच्या दुखण्याबद्दल, गर्भाशयाबाहेर वाढणाऱ्या अस्तराबद्दल मी पुढे वाचलं, पण ती 2004 मध्ये गेली आणि तिचा एकही केसपेपर नाही.

आता पुन्हा खोक्याकडे. या वाक्याची दुसरी बाजू कात्रणं वाचताना उशिरा दिसली. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईनं आत्महत्या केली तर कायद्याची नजर वेगळी असते. 1983 साली कायदा बदलला, तेव्हा कलम 498-अ आलं आणि अशा मृत्यूची चौकशी सक्तीची झाली. मग पहिल्या जबाबात कारण काय सांगायचं? माहेरचे अजून पोचलेले नसतात, माहिती देणारे सासरचे. पोटदुखी हे फार सोयीचं कारण आहे. ती दिसत नाही, मोजता येत नाही आणि शवविच्छेदनात सापडली नाही तरी खोटी ठरत नाही. कुठली बातमी झाकण आहे आणि कुठली खरी, हे कात्रणावरून सांगता येत नाही. म्हणजे एकच वाक्य दोन अन्याय करतं. छळ झालेल्या बाईचा छळ ते पोटदुखीत पुरतं, आणि जिचं पोट खरंच वर्षानुवर्षं दुखत होतं तिच्याबद्दल ‘खरं कारण वेगळंच असणार’ अशी कुजबुज उठवतं. माझ्याबद्दलही ती उठली होती. घरात सगळं ठीक आहे ना, असं मला एका डॉक्टरांनी विचारलं. प्रश्न योग्य होता, फक्त तो तपासण्याऐवजी विचारला गेला.

सरकारी तक्ता या वाक्याचाच मोठा भाऊ आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालात देशात 1,70,924 आत्महत्या आहेत, सर्वाधिक महाराष्ट्रात, 22,746. कारणांत कौटुंबिक समस्या 31.7 टक्के आणि आजारपण 18.4 टक्के. पहिल्या दोन रांगा याच. आजारपणाखाली कर्करोग, पक्षाघात, मानसिक आजार वगैरे आणि मग ‘इतर दीर्घ आजार’. वेदना असा रकाना नाही, आणि निदान झालं होतं का असाही नाही. ठाण्यातला हवालदार पहिल्या दिवशी जे ऐकतो ते कुठल्यातरी एका रांगेत बसवतो. एकच बाई या दोन्ही रांगांत असू शकते, पण तक्त्यात तिला एकच जागा.

आत्महत्येला एकच कारण चिकटवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना सांगत आली आहे. भारतीय प्रेस कौन्सिलनं 2019 मध्ये त्याच धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. मी ती छापून घेऊन आमच्या जुन्या कचेरीत गेले. तिथला उपसंपादक माझ्या ओळखीचा, चांगला मुलगा. त्यानं सगळं नीट वाचलं. मी म्हटलं, कारण माहीत नसेल तर ‘कारण समजू शकलं नाही’ असं लिहावं, तेही वाक्य आपल्याकडे आहेच.

‘‘लिहून पाहिलं, मावशी,’’ तो म्हणाला. ‘‘तसं छापलं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन येतात, खरं कारण काय होतं म्हणून. पोटदुखी लिहिलं की कुणी विचारत नाही.’’