‘माडी म्हणजे कोकणातील बिअर’ : एका समीकरणाची चिकित्सा

रत्नागिरीकडील खाद्यपेयांचा परिचय करून देताना माडीला ‘कोकणातील बिअर’ म्हणण्याचा प्रघात आहे. परक्या वाचकास अपरिचित वस्तू परिचित नावाने सांगण्याची ही एक सोय होय. परंतु उपमा म्हणून आलेले विधान पुढे वर्गीकरण म्हणून वापरले जाऊ लागते, आणि मग त्याची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते. ती द्रव्य, संस्कार व रस या तीन अंगांनी करावयाची आहे.

प्रथम द्रव्य पाहू. बिअर हे धान्याचे पेय आहे. धान्यात मुख्यतः पिष्ट असते, आणि पिष्टावर यीस्टची मात्रा चालत नाही. म्हणून जव भिजवून त्यास मोड आणतात व ते वाळवून माल्ट करतात. गरम पाण्यात या माल्टमधील विकरे पिष्टाची शर्करा करतात. मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व करणाऱ्या कोकणातील गृहिणीस या क्रियेचा पूर्वार्ध चांगलाच परिचित आहे. माडीच्या बाबतीत हा टप्पाच नाही. माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्यातून झिरपणाऱ्या रसात साधारण १५ टक्के शर्करा मुळातच असते, आणि हवेतील व मडक्यातील सूक्ष्मजंतूंमुळे काही तासांतच तो आंबू लागतो. दोन्ही पेये सौम्य व ऊर्ध्वपातन न केलेली आहेत, एवढ्या साम्यावर त्यांचे कुल एक ठरत नाही.

या समीकरणाचा दुसरा दोष असा की, त्यात बिअर ही एकजिनसी वस्तू मानलेली आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १८४२ साली बोहेमियातील पिल्सेन येथे प्रथम तयार झालेली पिल्सनर फिक्या माल्टची असून थंड तापमानात सावकाश आंबते. तिची चव स्वच्छ व हॉप्समुळे कडसर लागते. बव्हेरियातील गव्हाच्या बिअरमध्ये निम्मे वा अधिक माल्ट गव्हाचे असते. तिच्यातील लवंगेचा व केळ्याचा वास मात्र लवंगेचा नव्हे की केळ्याचा नव्हे, तो यीस्टच्या क्रियेतून येतो. स्टाउट बिअरचा काळा रंग व कॉफीसारखी कडू चव भाजलेल्या जवापासून येते. ब्रुसेल्सच्या परिसरातील लँबिक बिअरमध्ये यीस्ट घालीतच नाहीत. उकळलेला रस उथळ पात्रात रात्रभर उघडा ठेवतात, आणि हवेतील व पिंपातील जंतूंनी तो आंबट होतो. म्हणजे संस्काराच्या दृष्टीने माडीस काही जवळचे असेल तर ही लँबिक, आणि सर्वांत दूरची ती पिल्सनर. ‘बिअर’ म्हणताच सामान्य वाचकापुढे उभी राहते ती मात्र पिल्सनरच्या वळणाची बाटली!

आपल्या परंपरेने हा विवेक पूर्वीच केलेला आहे. मनुस्मृतीत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार द्रव्यावरून पाडले आहेत. कौटिल्य सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु ही सहा पेये त्यांच्या योगांसह देतो. मेदकास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व सांगितले आहे. चार प्रस्थांचा एक आढक होत असल्याने तांदळाहून किण्वच अधिक ठरते. मोड आणण्याचा उल्लेख या योगात नाही. तेव्हा पिष्टाची शर्करा करण्याचे कार्यही किण्वावरच सोपविलेले असावे, असे अनुमान करावयास हरकत नाही. बिअरच्या कुलातील आपली जुनी पेये शोधावयाची ती मेदक-प्रसन्नांच्या या वर्गात, माडीत नव्हे.

येथे एक भाषिक प्रश्न उपस्थित होतो. मिताक्षराकार विज्ञानेश्वर ‘सुरा’ शब्दाचा मुख्यार्थ पैष्टी, म्हणजे पिठाचे मद्य, असाच घेतात. गोव्यात मात्र माडाच्या रसास ‘सूर’ म्हणतात. धान्याचे नाव माडाकडे गेले. द्रव्य बदलले, नाव राहिले. बिअरसाठी सुचविला जाणारा ‘यवसुरा’ हा प्रतिशब्द सुरेचा मूळ अर्थ पुन्हा जागा करतो, हा त्याचा गुण. गव्हाच्या बिअरला तो अपुरा पडतो, ही त्याची मर्यादा.

हा केवळ नावाचा वाद नव्हे. बिअरच्या मापाने पाहिल्यास माडीचे दर प्रहरी पालटणे हा दोष ठरतो. वास्तविक तो तिचा स्वभाव आहे. सकाळी गोड, पुढे फेसाळ व तिखट, आणि अखेर शिर्का अशा तिच्या अवस्था आहेत, आणि गोव्यातील पाववाल्यांनी पीठ फुगविण्यासाठी तिचा उपयोग केला तो या जिवंतपणामुळेच. समीकरण मान्य केले की या अवस्थांची नोंद करण्याचे कारणच उरत नाही. म्हणून कोकणातील पेयांच्या अभ्यासकाने द्रव्य, संस्कार व रस यांची नोंद स्वतंत्रपणे करावी, आणि माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांकडून प्रत्येक अवस्थेचे त्यांचे शब्द आधी टिपून घ्यावेत. तुलना त्यानंतर करावी.