कवितेकडून अल्बमकडे : मराठी कवींच्या ध्वनिमुद्रित निर्मितीची एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी कविता ही मुळात ऐकण्याची गोष्ट आहे, असे आपण वर्गात वारंवार सांगतो. समीक्षा करताना मात्र छापील पानालाच कविता मानतो. या विसंगतीमुळे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील एका महत्त्वाच्या घडामोडीकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे. ही घडामोड म्हणजे कवीने स्वतः संगीताच्या अल्बमचा कर्ता होणे. संगीतकाराला शब्द देऊन बाजूला होणारा गीतकार आणि अल्बमची कल्पना, क्रम व आवाज यांत सहभागी होणारा कवी यांच्यात मूलभूत फरक आहे. प्रस्तुत लेखात हा फरक स्पष्ट करून ‘गारवा’ आणि ‘आयुष्यावर बोलू काही’ या दोन निर्मितींची चिकित्सा केली आहे. त्याचबरोबर शिरूर तालुक्यातील शाहिरी परंपरेच्या संदर्भात या स्थित्यंतराचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका

संतकवितेचा प्रसार कीर्तन-भजनातून झाला. आधुनिक काळात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली. त्यानंतर तबकडीचे युग आले. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात घरोघरी पोहोचली, ती याच मर्यादेत. कोणती कडवी ठेवायची व कोणती गाळायची, हे ठरवण्यात यंत्राचाही वाटा असू लागला. भावगीताचा आटोपशीरपणा हा केवळ रुचीचा नव्हे, तर तबकडीच्या व्यासाचाही परिणाम आहे.

१ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सादर झालेल्या ‘गीतरामायणा’ने ही मर्यादा ओलांडली. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी छप्पन्न गीतांची एक सलग रचना उभी केली. सुटे गीत नव्हे, तर गीतांची मालिका हे निर्मितीचे एकक होऊ शकते, हे मराठीत प्रथम येथे ठळकपणे सिद्ध झाले. अल्बम या संकल्पनेचे देशी पूर्वरूप शोधायचे असेल, तर ते येथे शोधावे लागेल.

दुसऱ्या बाजूला, १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या मर्ढेकरांच्या ‘काही कविता’नंतर आणि विशेषतः लघुनियतकालिकांच्या चळवळीनंतर गेयता ही संशयास्पद ठरू लागली. गाता येते ती कविता दुय्यम, असा एक अलिखित निकष रूढ झाला. या निकषाला छेद देणारी उदाहरणेही होती. अरुण कोलटकरांसारख्या कवीने १९७० च्या दशकाच्या आरंभी इंग्रजीत गाणी लिहून ती ध्वनिमुद्रित केली होती, ही बाब आपल्या कोलटकरविषयक चर्चेत क्वचितच येते. कॅनडाचे लेनर्ड कोहेन हे कवी व कादंबरीकार म्हणून मान्यता पावल्यानंतर १९६७ साली पहिला अल्बम घेऊन आले. पुढे जगाने त्यांना गायक म्हणून ओळखले. तरी त्यांच्या कवित्वाची चर्चा थांबली नाही. आपल्याकडे मात्र अशा कवीला ‘गीतकार’ या कप्प्यात टाकून विषय संपवला जातो.

‘गारवा’ : कवीचा आवाज

१९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘गारवा’ या अल्बममध्ये सौमित्र अर्थात किशोर कदम यांचे शब्द आणि मिलिंद इंगळे यांचे संगीत व गायन आहे. या अल्बमचे वेगळेपण असे की, गीतांच्या मधल्या जागेत कवी स्वतःच्या आवाजात कविता म्हणतो. ग्रेस यांची कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतून आणि लता मंगेशकरांच्या स्वरातून पोहोचली, तेव्हा कवी पडद्याआड होता. येथे तो ध्वनिक्षेपकासमोर आला.

ही केवळ सादरीकरणाची क्लृप्ती नव्हे. म्हटलेली कविता तालाला नकार देते. तिची लय श्वासाची व विरामाची असते. त्यानंतर येणारे गीत ताल स्वीकारते. या नकार-स्वीकारातील ताण ही ‘गारवा’ची खरी रचना आहे. कदम यांचा रंगभूमीवरील अनुभव येथे उपयोगी पडला आहे. शब्द कोठे सोडायचा आणि शांतता किती लांबवायची, याची त्यांना असलेली जाण छापील पानावर उमटू शकत नाही. गीत कागदावर उतरवून त्याची परीक्षा घेण्याची आपली सवय म्हणूनच अपुरी ठरते. नाटकाची केवळ संहिता वाचून प्रयोगाचा निर्णय देण्यासारखे ते आहे.

तथापि या अल्बमची मर्यादाही याच रचनेत आहे. कवितेतून निर्माण झालेली अस्वस्थता लगेच येणाऱ्या मधुर चालीत विरघळून जाते; प्रश्न पुरता उभा राहण्याआधीच त्याचे सांत्वन होते. शिवाय संपूर्ण अल्बमवर एकाच ऋतूची व एकाच भावावस्थेची छाया आहे. हा पाऊस शहरातील खिडकीतून दिसणारा, आठवणींचा पाऊस आहे. शिक्रापूरपासून पूर्वेकडे पर्जन्यछायेच्या प्रदेशात जाताना पाऊस हा विरहाचा नव्हे, तर पेरणीचा प्रश्न असतो. कवीने सर्वांचा पाऊस लिहावा, अशी अपेक्षा नाही. परंतु पुढील अनेक वर्षे मराठी अल्बममधील पाऊस बहुतांशी याच एका साच्यात कोसळत राहिला, याची नोंद समीक्षेने घेतली पाहिजे.

‘आयुष्यावर बोलू काही’ : कवी रंगमंचावर

२००३ साली संदीप खरे व सलील कुलकर्णी यांनी ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम सुरू केला. ध्वनिमुद्रण आणि रंगमंच येथे एकमेकांना पूरक ठरले. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर व वसंत बापट यांनी गावोगावी केलेल्या जाहीर काव्यवाचनाची परंपरा आणि भावगीताच्या मैफलीची परंपरा यांचा हा संगम म्हणता येईल. खरे स्वतः कविता म्हणतात आणि गातातही. त्यांचा आवाज तयारीच्या गायकाचा नाही, आणि हेच त्यांचे बलस्थान आहे; श्रोत्याला तो आपल्यातल्याच एकाचा वाटतो.

विषयांच्या विस्तारात ही निर्मिती ‘गारवा’च्या पुढे जाते. प्रेमाबरोबरच विनोद, बालगीत, पालकत्व आणि नोकरदार मध्यमवर्गाचे अपराधीपण असे विषय येथे येतात. परंतु रंगमंचाची एक अट असते. कविता पहिल्याच श्रवणात कळली पाहिजे. या अटीचा परिणाम रचनेवर होतो. एकाच कल्पनेवर प्रतिमांची माळ गुंफली जाते, प्रत्येक कडव्याच्या अखेरीस टाळी घेणारी ओळ येते आणि संदिग्धतेला जागा उरत नाही. पुन्हा वाचल्यावर उलगडणारी कविता आणि प्रथम ऐकताच भिडणारी कविता या दोन भिन्न जाती आहेत. दुसरीला कनिष्ठ म्हणण्याचे कारण नाही. मात्र एकाच कवीने पहिलीचा अभ्यास सोडला, तर नुकसान त्याचे व भाषेचेही होते.

शिरूर तालुका आणि न ओलांडलेली सीमा

आतापर्यंतच्या चर्चेत कवीने सीमा ओलांडली, असे गृहीत धरले आहे. परंतु ही सीमा सर्वांसाठी होती काय? शिरूर तालुक्यातील कवठे येमाई येथील लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशाच्या फडांसाठी गण-गवळण, लावण्या व वग लिहिले; त्यांची गीते ध्वनिफितींवरूनही लोकांपर्यंत गेली. २०१८ सालच्या राज्य शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराने त्यांचा सन्मान झाला. २०२१ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यासारख्या रचनाकाराला कवितेकडून संगीताकडे जावे लागले नाही, कारण त्या परंपरेत शब्द आणि चाल कधी विभक्त नव्हतेच.

१९८० च्या दशकात ध्वनिफिती स्वस्त झाल्या, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रातील भक्तिगीते, लोकगीते आणि भीमगीते मोठ्या प्रमाणावर मुद्रित झाली. जत्रेत, एसटी स्थानकावर, रसवंतीगृहात ती वाजत राहिली. श्रोत्याला गायकाचे नाव ठाऊक असे, देवस्थानाचे नाव ठाऊक असे. रचनाकाराचे नाव मात्र क्वचितच. म्हणजे ज्या माध्यमाने शहरी कवीला ‘आवाज’ दिला, त्याच माध्यमाने ग्रामीण शाहिराला बहुधा अनामिक केले. एकाच्या कृतीला अल्बम म्हटले गेले, दुसऱ्याच्या कृतीला नुसती कॅसेट. या दोन शब्दांतील अंतर वाङ्मयीन नाही, सामाजिक आहे.

याला आर्थिक बाजूही आहे. प्रतिलिप्यधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित केला. परंतु हक्क बजावण्यासाठी आधी कर्तृत्वाची नोंद हवी. एका ठोक रकमेवर गाणे देऊन टाकणाऱ्या शाहिराकडे अशी नोंद सहसा नसते. आज भ्रमणध्वनीवर गाणी सुटी ऐकली जातात, तेव्हा ही अडचण वाढली आहे. त्याच सवयीने अल्बमचा क्रमही मोडला असून गीतांच्या मधली कविता वगळली जाते. म्हणजे ‘गारवा’ची जी खरी रचना, तीच नव्या श्रवणपद्धतीत प्रथम हरवते.

निष्कर्ष

१) कवीच्या अल्बमची समीक्षा केवळ छापील शब्दांवरून करू नये. म्हणण्याची पद्धत, क्रम, विराम आणि चाल हे त्या कृतीचे घटक मानावेत.

२) चाल काढून टाकल्यावर कविता उरते काय, ही कसोटी एकांगी आहे. चालीमुळे शब्दांचा कोणता अर्थ उघड झाला आणि कोणता झाकला गेला, हा अधिक फलदायी प्रश्न आहे.

३) ‘गारवा’ने कवीचा आवाज आणि ‘आयुष्यावर बोलू काही’ने कवीची रंगमंचीय उपस्थिती प्रस्थापित केली, मात्र पहिल्यात भावाची एकसुरी पुनरावृत्ती, तर दुसऱ्यात तत्काळ प्रतिसादाची ओढ या मर्यादा राहिल्या.

४) शाहिरी रचनाकारांना याच चर्चेत समान स्थान दिल्याशिवाय ही समीक्षा पूर्ण होणार नाही. तालुक्यातील ध्वनिफिती, वह्या आणि ज्येष्ठ कलावंतांच्या मुलाखती यांचे संकलन महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी हाती घेणे निकडीचे आहे. फिती ओलाव्याने खराब होत आहेत, आणि कोणते गाणे कोणी रचले हे सांगू शकणारी पिढीही झपाट्याने कमी होत आहे.