बेसी स्मिथ : दंतकथा आणि गायकी

कलावंताच्या मृत्यूची कथा त्याच्या कलेहून मोठी झाली, म्हणजे समीक्षेची वाट अवघड होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ब्लूज-गायिका बेसी स्मिथ हिच्या बाबतीत नेमके हेच घडले. २६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल येथे मोटार-अपघातानंतर तिचे निधन झाले. गोऱ्यांच्या रुग्णालयाने प्रवेश नाकारल्यामुळे ती दगावली, ही वदंता जॉन हॅमंड यांच्या लेखामुळे त्याच वर्षी सर्वतोमुखी झाली. पुढे एडवर्ड ऑल्बी यांनी 'द डेथ ऑफ बेसी स्मिथ' या नाटकात तिलाच आधार केले. ख्रिस ॲल्बर्टसन यांच्या १९७२ मधील चरित्राने मात्र ती निराधार ठरविली. बेसीला थेट कृष्णवर्णीयांच्याच रुग्णालयात नेण्यात आले होते. वर्णभेद इतका अंगवळणी पडला होता, की नकाराचा प्रसंगच उद्भवू नये. ऑल्बींच्या नाटकात बेसी रंगमंचावर येतच नाही, ही गोष्ट बरीच सूचक आहे. दंतकथेचे तिच्या गाण्यावाचून काही अडत नाही.

टेनेसीतील चॅटनूगा येथे १८९४ साली जन्मलेली बेसी बालपणीच पोरकी झाली आणि भावाच्या गिटारच्या साथीने रस्त्यावर गाऊ लागली. १९१२ मध्ये ज्या फिरत्या मंडळीत ती दाखल झाली, तीत मा रेनी ही ज्येष्ठ गायिका होती. १९२३ मध्ये कोलंबिया कंपनीने काढलेली 'डाउनहार्टेड ब्लूज' ही तिची पहिलीच ध्वनिमुद्रिका अफाट खपली. पुढील दहा वर्षांत तिची दीडशेहून अधिक गीते मुद्रित झाली. तिचे खरे चरित्र शोधावयाचे ते या गीतांत.

ब्लूजचे कडवे सामान्यतः तीन चरणांचे असते. पहिला चरण दोनदा म्हणावयाचा आणि तिसऱ्याने त्याला उत्तर द्यावयाचे. कागदावर ही पुनरुक्ती दरिद्री दिसते, आणि भाषांतरकाराला ती गाळण्याचा मोह होतो. बेसीच्या गळ्यात मात्र पहिल्यांदा तक्रार वाटलेला चरण दुसऱ्यांदा साक्ष होऊन येतो. ठुमरीतील एकच बोल निरनिराळ्या भावच्छटांनी आळवलेला ज्याने ऐकला आहे, त्याला हे परके वाटू नये. फरक एवढाच, की बेसी विस्तार करीत नाही. ती मोजक्या स्वरांत राहते, एखादा स्वर किंचित उतरविते आणि वाक्याच्या मध्येच थांबून अर्थाला अनपेक्षित वळण देते. १९२५ मधील 'सेंट लुईस ब्लूज' मध्ये हार्मोनियमचे संथ स्वर तिच्यामागे पसरलेले आहेत आणि लुई आर्मस्ट्राँग यांचे कॉर्नेट तिच्या प्रत्येक विरामाला उत्तर देते. एवढ्या थोर वादकाच्या सहवासातही लयीची सूत्रे तिच्याच हाती राहतात.

तिने स्वतः रचलेले 'बॅकवॉटर ब्लूज' हे गीत या दृष्टीने कसोटीचे आहे. पुराने घर गमावलेली, उंचवट्यावर उभी राहून ते पाहणारी एक स्त्री त्यात बोलते. एप्रिल १९२७ मध्ये मिसिसिपी नदीचे बांध फुटले, तेव्हा श्रोत्यांनी हे गीत त्याच आपत्तीचे मानले. परंतु ते मुद्रित झाले होते १७ फेब्रुवारी १९२७ रोजी. १९२६ च्या नाताळातील नॅशव्हिलच्या पुराशी त्याचा संबंध असल्याचे संशोधकांनी पुढे दाखविले. एका पुराचे गाणे दुसऱ्या पुरातील माणसांना आपले वाटले, ते त्यातील संयमामुळे. बेसी तेथे आक्रोश करीत नाही. काय घडले ते क्रमाने सांगते. जेम्स पी. जॉन्सन यांच्या पियानोत पाणी चढत असते, आवाज मात्र स्थिर असतो.

तिला केवळ वर्णभेदाचा बळी मानणे हा, हेतू कितीही सहानुभूतीचा असला, तरी अन्यायच होय. कारण बळीकडून आपण रचनेची अपेक्षा करीत नाही. १९३१ मध्ये कोलंबियाने तिच्याशी संबंध तोडला, आणि मृत्यूनंतर १९७० पर्यंत तिच्या थडग्यावर शिळाही नव्हती. या उपेक्षेची नोंद इतिहासाने जरूर ठेवावी. समीक्षेचे ऋण मात्र तिची ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक ऐकल्यानेच फिटेल.